तिसऱ्या दिवसाचा प्रश्न

१९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्या वेळी पेनिसिलिन ही या देशात दुर्मीळ वस्तू होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या त्या कारखान्याकडे नव्या राष्ट्राने मोठ्या आशेने पाहिले आणि ते स्वाभाविकही होते. न्यूमोनियाने, बाळंतरोगाने किंवा पायाला झालेल्या साध्या जखमेतून माणसे दगावत, तो काळ तेव्हा फार मागे पडलेला नव्हता. आज परिस्थिती नेमकी उलटी झाली आहे. लहानशा गावातील औषधाच्या दुकानातही प्रतिजैविके मिळतात आणि रुग्णालयात तर ती सलाईनच्या बाटलीइतकीच नित्याची झाली आहेत. दुर्मीळतेच्या काळात कुपीकुपीचा हिशेब ठेवला जाई. विपुलतेच्या काळात तो सुटला. गेल्या वर्षी प्रतिजैविकांवर किती रुपये खर्च झाले, असे एखाद्या रुग्णालयाला विचारले तर लेखा विभाग पैशापर्यंतचे उत्तर देईल. परंतु ही औषधे कोणत्या कारणासाठी दिली, किती रुग्णांना ती खरोखर हवी होती आणि त्यांपैकी कोणती आता जंतूंवर चालेनाशी झाली आहेत, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. प्रश्न आहे तो या न ठेवलेल्या हिशेबाचा.

न घेतलेल्या औषधाची शिक्षा

धोक्याची सूचना आजची नाही. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात बजावले होते की, हे औषध अपुऱ्या मात्रेत घेतले गेले तर जंतू मरणार नाहीत, उलट त्याला तोंड देण्यास शिकतील. त्यामागील कारण समजण्यास कठीण नाही. जंतूंच्या असंख्य प्रजेत काही थोडे असे निपजतात, की त्यांना ते औषध बाधत नाही. बाकीचे मेले की मैदान या थोड्यांना मोकळे होते आणि पुढची प्रजा त्यांचीच वाढते. औषध योग्य कारणासाठी दिले तरी हे घडते. फरक इतकाच की विनाकारण दिले तर ते विनाकारण घडते.

या घडण्याची किंमत आता आकड्यांत मांडता येते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट ओढवले आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी अशा जंतूंचा संबंध होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांचे एक जाळे उभारून या जंतूंची नोंद ठेवण्यास आरंभ केला. त्या नोंदींप्रमाणे, ई. कोलाय या नेहमी आढळणाऱ्या जंतूच्या शंभर नमुन्यांपैकी सुमारे ८१ नमुने २०१७ मध्ये इमिपेनेम या राखून वापरावयाच्या औषधाला दाद देत. २०२३ मध्ये ही संख्या ६३ च्या आसपास आली. हे आकडे मुख्यत्वे मोठ्या रुग्णालयांतील गंभीर रुग्णांचे आहेत, साऱ्या देशाचे नव्हेत, हे ध्यानात घेतले तरी घसरणीची दिशा लपत नाही.

इतर औषधांपेक्षा प्रतिजैविके एका बाबतीत निराळी आहेत. मधुमेहाची गोळी एखाद्याने चुकीची घेतली तर अपाय त्याचाच होतो. प्रतिजैविकाचा गैरवापर एक जण करतो आणि त्याची शिक्षा शेजारच्या खाटेवरील दुसऱ्याला होते. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या जंतुसंसर्गाचा एक विस्तृत अभ्यास झाला. तेथील कक्षांत दाखल झालेल्या तेरा हजारांवर अर्भकांची त्यात नोंद आहे. त्यांच्या रक्तात सापडलेल्या क्लेबसिएला जंतूंपैकी निम्म्याहून अधिक आणि ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी पाचांतील चार अनेक औषधांना दाद न देणारे निघाले. या बालकांनी जन्मात एकही गोळी घेतलेली नव्हती. त्यांच्या वाट्याला आले ते त्यांच्या आधी त्या इमारतीत उपचार घेऊन गेलेल्यांचे संचित. रुग्णालयाने ही औषधे कशी वापरली, हा डॉक्टर आणि त्यांचा रुग्ण यांच्यातील खासगी प्रश्न राहत नाही, तो सार्वजनिक हिशेबाचा विषय होतो, तो याच कारणासाठी.

एका पाहणीने काय दाखविले

असा हिशेब करता येतो, हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातील वीस मोठ्या रुग्णालयांत एक पाहणी केली. पद्धत अगदी साधी होती. ठरलेल्या दिवशी कक्षात जे रुग्ण दाखल असतील, त्यांचे केसपेपर उघडायचे आणि कोणाला प्रतिजैविक चालू आहे, कोणते आणि कशासाठी, एवढे लिहून घ्यायचे. साडेनऊ हजारांहून अधिक रुग्णांची अशी नोंद झाली. त्यांतील जवळजवळ ७२ टक्के रुग्णांना प्रतिजैविके चालू होती. ती चालू असलेल्यांपैकी ५५ टक्के रुग्णांना संसर्ग झालेलाच नव्हता. तो होऊ नये म्हणून औषध दिले जात होते. ज्यांना उपचार म्हणून औषध मिळत होते, त्यांच्याही बाबतीत नेमका जंतू कोणता हे तपासणीने ठरवून औषध दिल्याची उदाहरणे अवघी सहा टक्के होती. बाकी सारा व्यवहार अनुभवाच्या आणि अंदाजाच्या भरवशावर चालला होता.

या आकड्यांवरून डॉक्टरांवर कोरडे ओढण्याचा मोह होईल; पण तो आवरलेला बरा. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेला, रक्तदाब खालावलेला रुग्ण समोर आला असता तपासणीचा अहवाल येईपर्यंत दोन दिवस हातावर हात ठेवून बसा, असे कोणीही शहाणा माणूस सांगणार नाही. अशा वेळी अंदाजाने आणि तातडीने औषध सुरू करणे हेच योग्य वैद्यक होय. दोष असलाच तर पहिल्या रात्रीच्या त्या निर्णयात नाही, तो पुढे आहे. दोन दिवसांनी अहवाल येतो, ताप उतरलेला असतो किंवा नसतो, रुग्णाचे चित्र स्पष्ट होते. आणि तरीही पहिल्या रात्री लिहिलेले औषध कोणी न विचारता पाचव्या, सातव्या, दहाव्या दिवसापर्यंत चालू राहते. तिसऱ्या दिवशी थांबून “हे अजून कशासाठी चालू आहे?” असा प्रश्न विचारला गेला की नाही, ही रुग्णालयाच्या कारभाराची खरी परीक्षा आहे.

व्हिएन्नाचा धडा

रुग्णालयाच्या कारभाराला मापाखाली आणण्याची कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिला झालेला विरोधही तितकाच जुना. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४० च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात शंभरांमागे अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनहून कमी. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने या दोन आकड्यांतील तफावतीचा पिच्छा सोडला नाही. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीसाठी येणाऱ्यांच्या हातांवर त्याचा संशय गेला आणि १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरांमागे अठरा असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये दोनच्या आसपास आले.

जंतूंचा सिद्धान्त तेव्हा मान्य झालेला नव्हता. सेमेलवाइसजवळ सूक्ष्मदर्शकाचा पुरावा नव्हता. होती ती नीट ठेवलेली नोंदवही. तरीही त्याला मान्यता मिळाली नाही, कारण त्याचे आकडे ज्यांच्या हातांकडे बोट दाखवीत होते, ती मंडळी प्रतिष्ठित होती. मापाविषयीची ही नाराजी आपल्याला परकी नाही. २००८ मध्ये स्वीडनमध्ये, पूर्वी नवी दिल्लीत रुग्णालयात राहून गेलेल्या एका रुग्णाकडे, अनेक प्रबळ औषधे निकामी करणारे नवे विकर बाळगणारा जंतू सापडला. त्या विकराला नवी दिल्लीचे नाव देण्यात आले आणि २०१० मध्ये भारतीय उपखंडातील त्याच्या प्रसाराविषयी शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्याकडे मोठा गहजब उडाला. नावाबद्दलचा आक्षेप रास्त होता. एखाद्या शहराला असा डाग लावणे योग्य नव्हते. परंतु नावावरून वाद जेवढा रंगला, तेवढी चर्चा आपल्या रुग्णालयांत हा जंतू किती आहे या प्रश्नाची झाली नाही. आरसा वाकडा आहे असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मात्र त्यासाठी स्वतःचा सरळ आरसा जवळ असावा लागतो.

मोजायचे काय?

मोजावे हे मान्य केले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : मोजावे काय? सर्वांत सोपे माप वापराचे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक प्रतिजैविकासाठी प्रौढ माणसाची सरासरी दैनिक मात्रा ठरवून दिली आहे. उदाहरणार्थ, तोंडाने घ्यावयाच्या ॲमॉक्सिसिलिनची दीड ग्रॅम. महिन्याभरात वापरलेल्या औषधाला या मात्रेने भागले की किती दैनिक मात्रा खर्ची पडल्या हे कळते. समजा, दोनशे खाटांच्या रुग्णालयात सरासरी १६० खाटा भरलेल्या असतात. तीस दिवसांचे ४,८०० खाट-दिवस झाले. त्यात २,४०० मात्रा वापरल्या गेल्या असतील तर दर शंभर खाट-दिवसांमागे ५० मात्रा असे प्रमाण येते. पुढच्या वर्षी ते ४० झाले की ६०, हे पाहणे कोणत्याही कारकुनाला साधेल.

परंतु या मापाला मर्यादा आहेत. लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते, तेथे हे माप लागू पडत नाही. शिवाय आपल्याकडील एक विशेष अडचण अशी की, अनेक ठिकाणी डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि नातेवाईक बाहेरच्या दुकानातून औषध आणतात. रुग्णालयाच्या स्टोअरच्या नोंदवहीत त्या औषधाचा मागमूसही नसतो. स्टोअरमधून किती गेले यावरून वापर मोजणारे रुग्णालय अशा वेळी आपला निम्मा व्यवहार हिशेबाबाहेर ठेवून ताळेबंद मांडत असते. म्हणून रुग्णाच्या औषधपत्रकावर परिचारिकेने प्रत्यक्ष दिल्याची जी खूण केलेली असते, तीच या हिशेबाची खरी पावती मानली पाहिजे.

दुसरे माप निवडीचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले : सहज वापरता येतील अशी, जपून वापरावयाची आणि अखेरच्या उपायासाठी राखून ठेवावयाची. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत झालेल्या घोषणेनुसार, २०३० पर्यंत माणसांसाठी होणाऱ्या एकूण वापरापैकी निदान ७० टक्के वापर पहिल्या गटातील औषधांचा असावा, असे उद्दिष्ट ठरले आहे. उपर्युक्त वीस रुग्णालयांत लिहिलेल्या औषधांपैकी सुमारे ५७ टक्के औषधे दुसऱ्या गटातील होती. अर्थात हे उद्दिष्ट देशाच्या एकूण वापरासाठी आहे. अतिदक्षता विभागाला तीच फूटपट्टी लावणे अन्यायाचे होईल.

तिसरे माप पद्धतीचे, आणि सर्वांत अधिक शिकविणारे हेच आहे. औषध सुरू करण्याचे कारण केसपेपरवर लिहिले आहे काय? पहिली मात्रा देण्यापूर्वी रक्ताचा किंवा लघवीचा नमुना तपासणीस पाठविला काय? दोन-तीन दिवसांनी निर्णयाचा पुनर्विचार झाला काय, आणि तो लिहिला काय? शस्त्रक्रियेपूर्वी संसर्ग टाळण्यासाठी दिलेले औषध वेळेवर थांबविले काय? यांपैकी शेवटच्या बाबीविषयी शास्त्र निःसंदिग्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, असे औषध छेद घेण्यापूर्वी दोन तासांच्या आत द्यावे आणि शस्त्रक्रिया संपल्यावर ते लांबवू नये. तरीही टाके काढेपर्यंत ते चालू ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. तिच्यामागे शास्त्र नाही, भीती आहे. आणि भीतीचे प्रमाणही मोजता येते. इंग्लंडमध्ये २०११ पासून रुग्णालयांना अशी सूचना आहे की, औषध सुरू केल्यापासून ४८ ते ७२ तासांत त्याचा फेरविचार करून थांबविणे, बदलणे किंवा पुढे चालू ठेवणे यांपैकी जो निर्णय होईल तो नोंदवावा. तिसऱ्या दिवसाचा प्रश्न तो हाच.

शंभर टक्के निकालाची शाळा

मापाचे गुण गाताना त्याचे दोष झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शिक्षकवर्गाला तर हे दोष समजावून सांगण्याची गरजच नाही. दहावीचा शंभर टक्के निकाल लावण्यासाठी कच्च्या मुलांना सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसविणाऱ्या शाळा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. निकाल वाढतो, शिक्षण तेथेच राहते. रुग्णालयांतही याच्या आवृत्त्या निघू शकतात. जंतू औषधांना दाद देत नाहीत अशा नमुन्यांची टक्केवारी हेच एकमेव माप ठेवले, तर नमुने न तपासणारे रुग्णालय सर्वांत स्वच्छ ठरेल. जे पाहिलेच नाही ते सापडणार कसे? उलट, फक्त उपचार फसलेल्या रुग्णांचेच नमुने पाठविणारे रुग्णालय असावे त्याहून वाईट दिसेल. एकाच रुग्णाचे दहा नमुने दहा वेळा मोजले तर आकडा आणखी फुगेल. म्हणूनच अशा तक्त्यांत प्रत्येक रुग्णाचा एका जंतूचा पहिलाच नमुना धरावा आणि तीसहून कमी नमुन्यांवरून टक्केवारी काढू नये, असा संकेत आहे. जिल्ह्यातील सर्वांत अवघड रुग्ण ज्याच्या दाराशी येतात त्या रुग्णालयाची तुलना लहान प्रसूतिगृहाशी करणे हाही असाच अन्याय होय.

चुकीचे माप किती नुकसान करू शकते, याचे उदाहरण अमेरिकेने घालून दिले आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे असे माप ठरले की, न्यूमोनियाच्या रुग्णाला रुग्णालयात आल्यापासून चार तासांच्या आत प्रतिजैविक मिळाले पाहिजे. हेतू उत्तम होता. परिणाम असा झाला की, घड्याळाच्या धाकाने निदान पक्के होण्यापूर्वीच औषध दिले जाऊ लागले. ज्यांना न्यूमोनिया नव्हता त्यांनाही ते मिळाले. अखेर चार तासांची मुदत सहा तासांची करावी लागली आणि पुढे ते मापच मागे घेण्यात आले.

याउलट इंग्लंडने २००१ मध्ये एमआरएसए या जंतूमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाची नोंद रुग्णालयांवर सक्तीची केली आणि २००८ पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट २००४ मध्ये ठरविले. २००३-०४ मध्ये सुमारे ७,७०० असलेली ही संख्या २००८-०९ मध्ये तीन हजारांच्या खाली आली. परंतु याच काळात ई. कोलायमुळे होणारे रक्तसंसर्ग वाढत गेले. त्यांची सक्तीची मोजणी २०११ मध्ये सुरू झाली. अर्थ स्पष्ट आहे. जे मोजले जाते तिकडे लक्ष जाते, आणि जे मोजले जात नाही ते अंधारात वाढते. एकच माप कधीही पुरत नाही. प्रतिजैविकांचा वापर घटला हे सांगताना मृत्यू वाढले नाहीत ना, रुग्ण पुन्हा दाखल झाले नाहीत ना, हेही त्याच कागदावर दिसले पाहिजे. अन्यथा औषध वाचविण्याच्या भरात माणूस गमावल्याचे कळणारही नाही.

आक्षेप

या सूचनेवर काही आक्षेप येतील आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, रुग्णासमोर उभा असलेला डॉक्टर निर्णय घेणार की कागद भरणारा? कारण लिहून ठेवण्याने निर्णयाचे स्वातंत्र्य जात नाही. न्यायाधीश निकाल देतो आणि त्याची कारणेही लिहितो. त्यामुळे त्याचे स्वातंत्र्य कमी झाले असे कोणी म्हणत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना प्रतिजैविक लिहिताना त्याचे कारणही लिहावे, असे आवाहन केले. एका ओळीचे ते काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जेथे एका परिचारिकेकडे चाळीस रुग्ण आहेत, जेथे सूक्ष्मजंतुतज्ज्ञ नाही, नमुना तपासण्यास जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावा लागतो, तेथे हे सारे कोण करणार? हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मोजू नये असा नाही, झेपेल तेवढे मोजावे असा आहे. वर्षातून दोनदा, एका ठरलेल्या दिवशी, कक्षातील सर्व केसपेपर वाचून एका पानाचा तक्ता भरण्यास प्रयोगशाळा लागत नाही. कारण लिहिले आहे काय आणि तिसऱ्या दिवशी फेरविचार झाला काय, हे पाहण्यास डोळे आणि पेन पुरतात. एवढी एक खबरदारी मात्र घ्यावी, की हे वाचन त्याच कक्षातील डॉक्टरांनी न करता दुसऱ्या कक्षातील डॉक्टरांनी करावे. अन्यथा “फेरविचार केला, औषध चालू ठेवले” असा रबरी शिक्का तयार होण्यास आठवडाही लागणार नाही. सरकारी कचेऱ्यांत आयुष्य काढलेल्यांना शिक्क्याची शक्ती ठाऊक आहे.

तिसरा आक्षेप असा की, दोष केवळ रुग्णालयांचा नाही. चिठ्ठीवाचून औषध विकणारे दुकानदार, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून औषध सोडणारे रुग्ण, कुक्कुटपालनातील वापर, गटारात जाणारे कारखान्यांचे सांडपाणी हे सारे वाटेकरी आहेत. हे निर्विवाद आहे. काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा नियम मार्च २०१४ पासून लागू झाला, जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरण्यास २०१९ मध्ये बंदी आली, ती याच जाणिवेतून. तथापि सर्वांत प्रबळ औषधे आणि सर्वांत हट्टी जंतू यांची गाठ पडते ती रुग्णालयातच. सर्वांचा दोष आहे या सबबीखाली कोणीच हिशेब न देणे ही आपली जुनी खोड आहे.

हिशेब उघडा हवा

धोरणाची उणीव आता उरलेली नाही. २०१७ मध्ये पहिला राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०२५ मध्ये दुसरा. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा आराखडा करून राज्यभरातील जंतू कोणत्या औषधाला किती दाद देतात याचा तक्ता प्रसिद्ध केला आणि २०२४ मध्ये चिठ्ठीवाचून प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर छापे घालण्याची मोहीमही हाती घेतली. एक राज्य जे करू शकते ते दुसऱ्याला अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची परंपरा मोठी असलेल्या महाराष्ट्राने हा आरंभ आपल्या अध्यापन रुग्णालयांपासून करावा. पुढच्या पिढीचे डॉक्टर तेथेच घडतात, आणि निवासी डॉक्टराला पहिल्या वर्षी लागलेली सवय चाळीस वर्षे टिकते.

या हिशेबाचे दोन नियम आधीच ठरलेले असावेत. पहिला, रुग्णालयाची तुलना प्रथम त्याच्या स्वतःच्याच मागील वर्षाशी व्हावी. दुसरा, आकडे वाईट आले म्हणून शिक्षा नको, पण ते लपविण्याची मुभाही नको. शिक्षेच्या भीतीने आकडे खोटे होतात आणि गुप्ततेच्या आडोशाने ते निरुपयोगी होतात. आज नागरिक रुग्णालय निवडतो ते इमारत पाहून, यंत्रे पाहून किंवा कोणाच्या सांगण्यावरून. तेथे शस्त्रक्रियेनंतर किती जखमा पिकल्या, किती रुग्णांचे औषध वेळेवर थांबले, हे त्याला कोठेही वाचावयास मिळत नाही. शाळेचा निकाल फळ्यावर लागतो, बँकेचा ताळेबंद वर्तमानपत्रात छापला जातो; ज्या संस्थेच्या स्वाधीन माणूस आपला जीव करतो, तिचा एक पानाचा तक्ता दारावर लागला तर त्यात अवाजवी काही नाही.

पण या कामी नागरिकालाही मोकळे सुटता येणार नाही. ताप आला की “चांगले स्ट्राँग औषध द्या” असा आग्रह धरणारा आणि साधे औषध देणाऱ्या डॉक्टरला कच्चा समजणारा समाजच डॉक्टरांच्या हातून अनावश्यक औषध लिहवून घेतो. रुग्णाजवळ बसलेल्या मुलाने किंवा सुनेने तिसऱ्या दिवशी फेरीवर आलेल्या डॉक्टरांना, उद्धटपणा न करता, एवढेच विचारावे : “डॉक्टरसाहेब, हे इंजेक्शन कशासाठी चालू आहे, आणि कधी थांबणार?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही. ज्या रुग्णालयात हा प्रश्न नातेवाइकांनी विचारण्यापूर्वीच केसपेपरवर विचारला गेलेला आणि त्याचे उत्तर खाली लिहिलेले आढळेल, त्याचा कारभार नीट चालला आहे असे समजावे. पिंपरीला पेनिसिलिन तयार होऊ लागले तेव्हा ते सर्वांना मिळावे, हा प्रश्न होता. ते सर्वांच्या उपयोगी पडत राहावे, हा आजचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नोंदवहीत लिहावे लागेल.